मुदत कोणाच्या हाती? कर्डे, सुपे आणि ‘उतावळा’ कुणबी

दख्खनच्या खेड्यातले जुने कर्जखत हाती घेतले की वरचा मजकूर बहुधा मोडीत, सराईत हाताने झरझर लिहिलेला दिसतो. कर्ज घेणारा अमुक, वस्ती अमुक, रक्कम इतकी, व्याज दरमहा इतके, फेड अमुक मितीस. खाली कर्जदाराची सही नसते. लिहिणाऱ्यानेच एक लहानसा नांगर काढलेला असतो आणि शेजारी लिहिलेले असते, ‘निशाणी नांगर’. कुणब्याने लेखणीला हात लावला की तो नांगर त्याचा झाला. त्या कागदावर दोन गोष्टी महत्त्वाच्या, रक्कम आणि मुदत. रक्कम कुणब्याला पक्की ठाऊक असे, कारण पैसे त्याच्या पदरात पडलेले असत. मुदत मात्र दुसऱ्याने ठरवलेली, दुसऱ्याने लिहिलेली आणि दुसऱ्यानेच वाचून दाखवलेली. ज्याने हा नांगर निशाणी म्हणून दिला, त्याच्याविषयी गेली दीडशे वर्षे एकच शेरा ऐकू येतो. तो उधळ्या आहे, त्याला दम नाही, हाती आले की खातो, उद्याचा विचार करत नाही. साहेबी अहवालांतून निघालेला हा शेरा पुढे शाळामास्तरांच्या, बँकवाल्यांच्या आणि कारखान्यातल्या मुकादमांच्या तोंडी रुळला. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचा इतिहास या शेऱ्याची उलटतपासणी करायला फार सोयीचा आहे. शेरा ज्या काळात रूढ झाला, त्याच काळात या भागातल्या माणसांनी धीराचा असा एक पुरावा देऊन ठेवला आहे की तो सरकारी दप्तरातच नोंदला गेला.

आधी जमीन पाहू. सह्याद्रीला धडकून ढग रिकामे होतात आणि पुण्याच्या पूर्वेला येईपर्यंत पावसाची धार तुटते. घोड आणि भीमा यांच्या काठचा हा टापू अवर्षणप्रवण, वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पावसाचा, तोही बेभरवशाचा. धरणे आणि कालवे येण्याआधी इथले मुख्य पीक रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू. पावसाळाभर रान नांगरून, कुळवून तयार ठेवायचे, हस्ताच्या पावसाकडे डोळे लावायचे, ओल धरली की पेरायचे आणि माघ-फाल्गुनात काढणी. म्हणजे पहिल्या नांगरटीपासून दाणा घरात येईपर्यंत आठ-नऊ महिने जात. त्या काळात घरात भूक असली तरी बियाण्याच्या कणगीला कोणी हात लावत नसे. आज खायचे की पुढच्या वर्षासाठी राखायचे, हा प्रश्न मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मांडला गेला तो विसाव्या शतकात. कोरडवाहू कुणब्याच्या घरी तो दरवर्षी पडत होता आणि दरवर्षी त्याचे उत्तर मिळत होते. अशा माणसाला स्वभावतः उतावळा म्हणायचे असेल, तर त्यासाठी बराच भक्कम पुरावा हवा.

मग घाई आली कुठून? पेशवाईचा सारा हलका होता असे मुळीच नाही, शेवटच्या काळातली मामलतदारी तर जाचकच होती. पण त्या व्यवस्थेत सूट, तगाई आणि घासाघीस यांना जागा होती, पीक बुडाले तर निदान रडगाणे ऐकायला कोणीतरी समोर बसलेले असे. पुढे इंग्रजी अंमलात, १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरात नवी मोजणी सुरू केली आणि तिथून रयतवारीची पक्की पद्धत दख्खनभर गेली. तिचे गुण खरे होते. दर आधीच्या फसलेल्या मोजणीपेक्षा हलके होते आणि तीस वर्षे बदलणार नव्हते. पण हप्ता ठरला तो रोख रकमेत, ठरल्या तारखेला, पीक असो वा नसो. शाळू अजून रानात आणि हप्ता दारात, ही रयतेची जुनी तक्रार. पीक विकण्याआधी पैसा उभा करायचा तर वाट एकच, सावकाराची ओसरी. या व्यवहारात अधीर होते ते सरकारचे पंचांग. कुणब्याने सावकाराकडून विकत घेतली ती मधल्या दोन-तीन महिन्यांची सबुरी, आणि तिची किंमत व्याजाच्या रूपाने मोजली.

दुसरी घाई कायद्याने आणली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखतावर दावा लावायची मर्यादा तीन वर्षांवर आणली. हेतू चांगला होता, जुनी येणी उकरून सावकाराने कर्जदाराला छळू नये. घडले ते उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार म्हणणार, दावा लावतो, नाहीतर नवे खत लिहून दे. नव्या खतात मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल. हिशेब मांडून पाहू. पन्नास रुपयांचे कर्ज, तेव्हाच्या सर्रास दराने शेकडा चोवीस व्याज. तीन वर्षांनी देणे ८६ रुपये. तेच मुद्दल धरून नवे खत, सहाव्या वर्षी सुमारे १४८. पुन्हा नवे खत, नवव्या वर्षी सुमारे २५४. जुन्या दामदुपटीच्या नियमाने व्याज मुद्दलाइतके झाले की थांबायचे, म्हणजे पन्नासाचे फार तर शंभर. पण दर तीन वर्षांनी कागद बदलला की व्याज मुद्दल होऊन बसते आणि दामदुपट नव्याने मोजायला लागते. कर्जदाराने या नऊ वर्षांत एक पैसाही जास्तीचा उचललेला नाही, लग्न केलेले नाही, तमाशाला गेलेला नाही. तीन नांगर मात्र काढले गेले. याच कायद्याने सावकारालाही घाईला लावले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. एरवी चांगल्या सुगीची वाट पाहत थांबला असता असा सावकारही आता तिसऱ्या वर्षी कोर्टाकडे वळू लागला.

त्यात तेजीचा काळ आला. १८५८ मध्ये आगगाडी पुण्याला पोहोचली आणि तिथून दौंडवरून सोलापूरच्या दिशेने रूळ पडू लागले. मातीकामाला रोख मजुरी मिळू लागली. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवीच्या काळात कापसाचा भाव चढला. शिरूर आणि भीमथडीत (आजच्या दौंड आणि बारामती तालुक्यांचा बराच भाग तेव्हाच्या भीमथडीत मोडे) कापूस बेताचाच, पण धान्याचे, मजुरीचे, भाड्याच्या गाड्यांचे भावही त्याबरोबर वाढले. सावकारांनी हात सैल सोडले. यादवी संपली, भाव कोसळले, रेल्वेची मोठी कामे आटोपली आणि नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून फेरमोजणी आली. १८६७ मध्ये इंदापुरापासून सुरू झालेल्या नव्या आकारणीत सारा इतका चढला की १८७४ मध्ये मुंबई सरकारलाच मर्यादा घालावी लागली. तालुक्याची किंवा गावांच्या गटाची वाढ शेकडा ३३ पेक्षा, एका गावाची ६६ पेक्षा आणि एका खातेदाराची १०० पेक्षा जास्त नसावी. म्हणजे सारा दुप्पट करणे हे नियमात बसत होते. १८७० मध्ये स्थापन झालेली पुणे सार्वजनिक सभा या प्रश्नावर अर्ज-विनंत्या करत होती. कर्ज वाढले, भाव पडले, सारा वाढला आणि आता पैसे परत मिळतील का, या धास्तीने सावकारांनी नवे कर्ज आखडते घेऊन जुन्या खतांवर दावे लावले. हुकूमनामे बहुतेक एकतर्फी झाले, कारण कोर्ट दूर, समन्स वाचता न येणारे आणि रिकाम्या हाताने तिथे जाऊन करायचे काय, हा प्रश्न.

शिरूर तालुक्यातले कर्डे इथे कथेत येते. १८७४ च्या डिसेंबरात काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख या गावातल्या वजनदार माणसावर सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला, त्याचे घर ताब्यात घेतले आणि पाडायला काढले. घर पाडणे कर्जवसुलीसाठी गरजेचे नव्हते, तो अपमान होता. गावाने त्यावर जे केले ते मुद्दाम तपशिलात पाहण्यासारखे आहे. लाठ्या निघाल्या नाहीत. सावकारांची शेते कसायला कोणी जाईना, पाणी भरायला कोणी येईना, न्हाव्याने वस्तरा काढला नाही, दुकानावर गिऱ्हाईक फिरकेना. हा बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावचे सामुदायिक करारपत्र पुढे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या कागदपत्रांत आहे. गुजर सावकारांची चाकरी करील त्याला गावची बलुत्याची सेवा बंद, असा त्याचा आशय. ज्याच्याकडून दर हंगामात बी-बियाणे आणि सारा यांसाठी पैसे घ्यायचे, त्याच्याशीच व्यवहार तोडायचा म्हणजे समोरच्या गरजेला लगाम घालून पुढच्या लाभाची वाट पाहायची. तीही एकट्याने नाही, साऱ्या गावाने. मोह टाळण्याची याहून अवघड कसोटी सुचणे कठीण.

बहिष्काराने भागले नाही. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात बाजारच्या दिवशी जमाव गुजर सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेला. पाहता पाहता लोण शिरूर आणि इंदापूर तालुक्यांत, तसेच नगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदे, कर्जत भागांत पोहोचले. एकूण ९५१ जणांना अटक झाली आणि ५०१ जणांवर गुन्हे शाबीत झाले. सुप्यात मालाची लूट झाली, काही ठिकाणी गंजी पेटल्या, घरांना आगी लागल्या आणि मारहाणही झाली, हे झाकायचे कारण नाही. पण आयोगाने स्वतःच जे नोंदवले ते असे. जवळजवळ सगळीकडे जमावाला हवी होती ती खते, हुकूमनामे आणि हिशेबाचे कागद. ते मुकाट्याने हाती दिले की बहुधा पुढे काही झाले नाही. चिडलेल्या, उपाशी, संख्येने कितीतरी पटीने मोठ्या असलेल्या जमावाला तिजोरी समोर असताना कागदच का हवा होता? कारण दुःख नेमके कुठे आहे हे त्याला कळले होते. मुदत ज्या कागदावर लिहिली होती, तो कागद त्याला नको होता.

सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे, कारण तो रयतेच्या बाजूने लिहिलेला नाही. कुणब्याच्या अज्ञानाविषयी आणि बेफिकिरीविषयी त्यात पुष्कळ आहे. तरीही लग्नकार्यातल्या उधळपट्टीचा जो ठपका सर्वांच्या ओठांवर होता, तो या साहेबांनी आकडे पाहून बाजूला सारला. लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. असे प्रसंग क्वचित येतात, त्यात पन्नास-पाऊणशे रुपये जातात आणि शेकडा चोवीसने काढले तरी ते चार वर्षांत फिटू शकतात. कर्ज फुगते ते अन्न, बियाणे, बैल आणि सारा यांसाठी पुन्हा पुन्हा घेतलेल्या लहान रकमांनी, असा त्यांचा निष्कर्ष. नगर जिल्ह्यातल्या बारा गावांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा सरकारी जमिनीच्या खातेदारांपैकी सुमारे एक तृतीयांश कर्जात अडकलेले आढळले आणि त्यांचे कर्ज त्यांच्या वार्षिक साऱ्याच्या सरासरी अठरा पट भरले. आयोगातले ऑकलंड कॉल्विन यांनी तर स्वतंत्र टिपण लिहून सारावाढीकडे बोट दाखवले. तरी पुढच्या पिढ्यांच्या लक्षात राहिला तो लग्नातला बँडबाजा, अठरा पटीचा आकडा राहिला नाही. दोष माणसाच्या स्वभावात सापडला की व्यवस्थेला हात लावावा लागत नाही, हे या विसराळूपणाचे कारण असावे.

हाच न्याय दुसऱ्या बाजूलाही लावला पाहिजे. कुणबी जातीनेच अधीर, हे जसे चूक, तसेच मारवाडी किंवा गुजर जातीनेच लोभी, हेही चूक. गावातला लहान सावकार पुण्या-नगरच्या मोठ्या पेढीकडून उसने आणून पुढे देत होता, त्यालाही तिथे तारीख पाळावी लागत होती. दुष्काळात बुडणारे कर्ज त्याचेच होते आणि सरकारचा सारा वेळेवर भरला जाई तो त्याच्याच तिजोरीतून. सावकारीत ब्राह्मण होते, देशमुख-पाटीलही होते, लोकांचा राग वळला तो मुख्यतः बाहेरून आलेल्यांवर. फरक स्वभावाचा नव्हता, जागेचा होता. सावकाराला कागद वाचता येत होता, कोर्ट ओळखीचे होते आणि दोन वर्षे थांबण्याइतका साठा पदरी होता. थांबण्याची ताकद हेही एक भांडवलच, आणि भांडवल तेव्हा गावात समान वाटलेले नव्हते.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने नेमके इथेच बोट ठेवले. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झालेल्या या कायद्याने कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली, दाव्याची मुदत तीन वर्षांवरून सहा आणि नोंदलेल्या खतासाठी बारा वर्षे केली, हप्तेबंदी दिली, कर्जापायी कैद बंद केली, पावती आणि हिशेब देणे सावकारावर बंधनकारक केले. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीत विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. माणसे तीच, पाऊस तोच, बदलले ते मुदतीचे नियम. आणि पूर्वी गैरहजर राहणारा कुणबी आता कोर्टात उभा राहून आपली बाजू सांगू लागला. इथे एक आक्षेप रास्त आहे. कायद्याने सावकारी आटली, आणि सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. हे खरे आहे, पुढच्या चौकश्यांतही ते नोंदले गेले. पण त्यातून सिद्ध होते ते इतकेच, की कर्जाची गरज कायद्याने संपत नाही, तिला दुसरा रास्त झरा लागतो. सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढून तो झरा खोदायची योजना १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली होती. विलायतेतून ती नामंजूर झाली. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ साल उजाडले.

आता शिक्षणाकडे. शिक्षण ही माणूस करतो त्यांतली सर्वांत लांब मुदतीची पेरणी. मुलगा सहा वर्षांचा असताना खर्च सुरू होतो आणि फळ पंधरा-वीस वर्षांनी, तेही मिळाले तर. ज्याला शाळूपर्यंतचे तीन महिने विकत घ्यावे लागतात, त्याने वीस वर्षे कुठून आणायची? जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हा प्रश्न स्वच्छ मांडला आहे. सरकारी तिजोरीत पैसा येतो शेतकऱ्याच्या साऱ्यातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची मुख्य तक्रार. पण त्याच निवेदनात ते सांगतात की गरिबांची मुले गुरे राखतात, शेतात राबतात, म्हणून शाळेत येत नाहीत. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा आणि त्यांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्या. आईबापांना शिक्षणाची किंमत कळत नाही, असे म्हणून ते थांबले नाहीत. गुराख्याची आजची मजुरी कशाने भरून काढायची, याचा हिशेब त्यांनी दिला. त्यानंतर वर्षभराने लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये अविद्येला त्यांनी सगळ्या अनर्थांच्या मुळाशी ठेवले. खतावरचा नांगर आठवला की हे मूळ किती खोल होते ते कळते. वाचता न आल्याने मुदत हातची गेली, मुदत गेल्याने कर्ज वाढले आणि कर्जापायी मुलगा पुन्हा गुरांमागे गेला. हा फेरा स्वभावाने फिरत नव्हता.

विसाव्या शतकात स्वभाव की परिस्थिती हाच वाद प्रयोगशाळेत गेला. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डच्या बालशाळेत साठच्या दशकाअखेरी मुलांपुढे गोड खाऊ ठेवला. आत्ता खाशील तर एक, मी परत येईपर्यंत थांबशील तर दोन. थांबणारी मुले पुढे परीक्षांत चमकली, असे नंतरच्या पाहण्यांतून दिसले आणि ‘संयम म्हणजे यश’ हे सूत्र जगभरच्या पालकांनी पाठ केले. २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी या प्रयोगाला एक छोटी पायरी जोडली. काही मुलांना आधी चांगले रंग आणून देतो असे सांगितले आणि खरोखर आणून दिले, काहींना सांगितले आणि रिकाम्या हाताने परत आले. मग खाऊ ठेवला. शब्द पाळलेला पाहणारी मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, शब्द मोडलेला पाहणारी तीन. पहिल्या गटातल्या १४ पैकी ९ जणांनी पूर्ण पंधरा मिनिटे काढली, दुसऱ्या गटातल्या १४ पैकी एकाने. मुलांचा स्वभाव पाच मिनिटांत बदलला नव्हता. बदलला होता तो समोरच्या मोठ्या माणसावरचा भरवसा. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांवरच्या अभ्यासात टायलर वॉट्स यांच्या गटाला दिसले की घरची परिस्थिती हिशेबात धरली की थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध फारच पातळ होतो. त्याआधी तमिळनाडूतल्या ५४ खेड्यांतल्या ४६४ ऊस उत्पादकांची तपासणी झाली होती. तोच शेतकरी तोडणीआधीच्या ओढगस्तीत बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडला आणि पैसे हाती आल्यावर पुढे गेला. कर्ड्याच्या कुणब्याने यातल्या एकाही निष्कर्षावर आश्चर्य दाखवले नसते.

यावर एक वजनदार हरकत उरते. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा माग आजवर घेतला गेला आहे आणि लहानपणीचा आत्मसंयम पुढे आरोग्य, पैसा आणि गुन्हेगारी यांच्याशी जोडलेला आढळतो, घरची श्रीमंती-गरिबी वजा केली तरीही. मग स्वभावाला काहीच महत्त्व नाही, असे कसे म्हणायचे? तसे म्हणायचेही नाही. एकाच गावात, एकाच खताखाली दोन भावांपैकी एक तगतो आणि एक बुडतो, हे सर्वांनी पाहिलेले असते. पण तो अभ्यास जिथे झाला तिथे शाळा उघडी असते, पगार तारखेला होतो आणि आजारपणात दवाखाना असतो. जिथे थांबल्याचे फळ मिळण्याची खात्री आहे, तिथे कोण किती थांबतो हा फरक मोठा ठरतो. जिथे खात्रीच नाही, तिथे थांबणारा आणि न थांबणारा दोघेही तोंडघशी पडतात; उलट थांबणाराच अधिक, कारण त्याने आजचाही घास सोडलेला असतो. संयम शिकवावा, जरूर शिकवावा. पण शिकवणाऱ्याने आपला शब्द आधी पाळावा, हा त्याचा पहिला धडा.

त्याच मातीने नंतर काय करून दाखवले, हे पाहिले की या युक्तिवादाला दुसरा पाय मिळतो. ज्या नगर जिल्ह्यात १८७५ चे लोण सर्वांत जास्त पसरले, तिथल्याच लोणी गावात विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ मध्ये सहकारी पतपेढी काढली आणि १९५० मध्ये प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर साखर कारखाना उभा राहिला. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यामागे उभे होते. अजून न दिसणाऱ्या धुराड्यासाठी पैसे गुंतवून वर्षानुवर्षे वाट पाहणारे हे लोक हंगामाचे पैसे लग्नात उडवणारा म्हणून हिणवलेल्या त्याच समाजाचे नातू होते. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ ची वाट घातली. गरीब मुलाला वीस वर्षे थांब, असा उपदेश करण्याऐवजी त्यांनी वसतिगृहात भाकरी दिली, काम दिले, म्हणजे मधली वर्षे काढायची सोय केली. मुले थांबली आणि शिकली. धीर त्यांच्यापाशी होताच, तो टिकेल अशी जागा मिळाली.

आज शिरूर आणि दौंड हे तालुके ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत. घोड-भीमेच्या काठी ऊस उभा आहे, दौंडच्या बाजूला गुऱ्हाळांचा धूर दिसतो, रांजणगावला औद्योगिक वसाहत आहे. पण हंगाम सुरू झाला की बीड-नगरकडून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर येतात, त्यांच्याबरोबर ‘कोयते’ येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यांनी मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि ती टनावारी तोडणीतून फेडायची असते. उचल हा शब्द नवा वाटला तरी खत जुनेच आहे. बैल गेला, श्रमाचा हंगाम गहाण पडला. बरोबर आलेल्या मुलांची शाळा दिवाळीनंतर सुटते ती उन्हाळ्यापर्यंत. या आईबापांना शिक्षणाची कळकळ नाही, असे म्हणणारे आजही भेटतात. पण गावातच हंगामी वसतिगृह नीट चालले, जेवणाचा आणि देखरेखीचा भरवसा मिळाला, की हेच आईबाप लेकरांना मागे ठेवून सहा महिने कळ काढतात. तिकडे ऊस घालणाऱ्याचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत आणि उशीर झाला तर शेकडा पंधरा व्याज द्यावे, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. हा आदेश म्हणजे मुदत दुसऱ्या बाजूलाही बांधण्याचा प्रयत्न, १८७९ च्या कायद्याचा वंशज. तो जिथे पाळला जात नाही तिथे शेतकऱ्याने वाट पाहायची असते आणि बिनव्याजी वाट पाहण्याला मात्र कोणी संयम म्हणत नाही.

कंत्राटावरच्या तरुण कामगाराविषयीही हेच बोलले जाते. टिकत नाही, पाचशे रुपये जास्त मिळाले की दुसऱ्या गेटवर जातो, हुन्नर शिकायला थांबत नाही. असेलही. पण अकरा महिन्यांनी आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तीन वर्षांनी कामी येणारे कौशल्य कोणाच्या भरवशावर शिकावे, हा प्रश्न त्याच्याआधी त्याच्या कराराला विचारायला हवा. या कराराखाली आता नांगर नसतो. मुलगा आयटीआय झालेला असतो, सही स्वतः करतो, कधी इंग्रजीतही करतो. दीडशे वर्षांत शाळेने एवढे काम नक्की केले. मुदतीचा रकाना मात्र अजूनही टेबलाच्या पलीकडच्या बाजूने भरून येतो. १८७५ च्या जमावाने कागद मागितला होता, तो का मागितला होता हे त्या रकान्याकडे पाहिले की समजते.